मोजक्या सुट्टीत परदेश: शहरं किती घ्यायची, हे ठरवायचं कसं?

पहिल्यांदा आईला घेऊन परदेशी गेले तेव्हा सात रात्रींत पाच शहरं घेतली होती. सगळी तिकिटं वेळेवर, सगळ्या खोल्या चांगल्या. चौथ्या मुक्कामी आई पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आज बॅग उघडतच नाही गं मी. सकाळी परत भरायचीच आहे ना." त्या शहरात तिनं आदल्या दिवशीचेच कपडे घातले, संध्याकाळी खिडकीतून चौक बघितला आणि झोपली. एवढ्या लांब येऊन तिला चौकात बसायचं होतं, आणि माझ्या कार्यक्रमात त्याला जागा नव्हती.

तेव्हापासून कुठल्याही प्रवासाचा कार्यक्रम हातात आला की शहरांच्या आधी मी त्यातल्या मोकळ्या सकाळी मोजते. मोकळी सकाळ म्हणजे बॅग न भरता उजाडलेली सकाळ: उठायचं, आवरायचं आणि रिकाम्या हातानं बाहेर पडायचं. पाच ते चौदा रात्रींच्या सुट्टीत किती शहरं बसतात, याचं उत्तर या सकाळींतून निघतं. ते कसं काढायचं, ते पायरीपायरीनं सांगते.

पायरी 1: हातातला खरा वेळ मोजा

सुट्टी नऊ दिवसांची आहे, म्हणून परदेशात नऊ दिवस मिळतात असं नाही. समजा शुक्रवारी रात्री निघालात, शनिवारी दुपारी पोहोचलात, पुढच्या शनिवारी परतीचं विमान धरलंत आणि रविवारी घरी आलात. तिथं झोपायच्या रात्री झाल्या सात. मधले पूर्ण दिवस रविवार ते शुक्रवार, म्हणजे सहा. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस हिशेबात धरूच नका. त्या दिवशी काही बघायला मिळालं तर ती वरकड कमाई समजा.

आता या सहा दिवसांचे अर्धे-अर्धे तुकडे करा. एकूण बारा. हा तुमचा खिसा. एका शहरातून दुसऱ्या शहरात मुक्काम हलवला की त्यातला किमान एक तुकडा खर्च होतो.

एकच शहर घेतलं तर बाराच्या बारा तुकडे हातात राहतात. दोन शहरांत अकरा, तीन शहरांत दहा. पाच शहरं घेतली तर चार वेळा मुक्काम हलतो आणि उरतात आठ, म्हणजे एका शहराच्या वाट्याला पुरता एक दिवससुद्धा येत नाही. त्यात परतीचं विमान पहिल्याच शहरातून असेल तर मागे फिरण्यात आणखी एक जातो. आमचं नेमकं हेच झालं होतं.

वेळेच्या फरकाचाही हिशेब याच पायरीत करा. घड्याळ पाच-सहा तासांनी बदलत असेल तर पहिला पूर्ण दिवस अर्ध्या ताकदीचा धरा. पूर्वेकडे गेल्यावर शरीराला जुळवून घेणं बहुतेकांना पश्चिमेपेक्षा जड जातं. म्हणून पहिल्या शहरात किमान दोन रात्री, शक्यतो तीन. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवायचा कार्यक्रम कुणी आखून दिला तर तो तिथंच बदलून घ्या.

पायरी 2: दारापासून दारापर्यंतचा वेळ काढा

सगळ्यात जास्त फसगत इथं होते, म्हणून इथं जरा थांबू या. "रोमहून फ्लॉरेन्स दीडच तास तर आहे" हे वाक्य खरं आहे. वेगवान गाडीला साधारण तेवढाच वेळ लागतो. पण तुम्ही स्टेशनात राहत नाही.

एकदा कागदावर लिहून बघा. साडेआठला नाश्ता, नऊला बॅगा भरून खोलीत काही राहिलं नाही ना याची शेवटची नजर, साडेनऊला हिशेब चुकता करून बाहेर. दहाला स्टेशन. फलाट शोधण्यात आणि गाडीची वाट बघण्यात अर्धा तास. साडेदहाची गाडी बाराला पोहोचवते. साडेबाराला नव्या हॉटेलच्या दारात. खोली बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही, म्हणून बॅगा खाली ठेवायच्या, जेवायला जागा शोधायची, आणि दोन वाजता पहिलं पाऊल शहरात. दीड तासाच्या प्रवासाला साडेपाच तास गेले, आणि हा सगळं सुरळीत पार पडलेला दिवस आहे.

विमानाचं गणित आणखी महाग. तुर्कस्तानात इस्तंबूलहून कॅपाडोकियाला विमान सव्वा तासाच्या आसपास घेतं. पण विमानतळ गाठणं, तपासणी, बॅगांची वाट आणि उतरल्यावर पुन्हा रस्त्यानं मुक्कामापर्यंत, असं सगळं धरलं की सहा-सात तास सहज जातात. विमानतळाच्या नावावरही विसंबू नका. पॅरिसच्या नावानं स्वस्त तिकिटं विकली जाणारं बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे 85 किलोमीटर लांब आहे. टोकियोचं नारिता मध्य टोकियोपासून 60 किलोमीटरवर. तिकिटात वाचलेले पैसे नंतर बसच्या रांगेत वेळेच्या रूपानं फेडावे लागतात.

म्हणून माझं मोजमाप असं. गाडीचा प्रवास तीन तासांपर्यंत असेल तर अर्धा दिवस गेला. गाडी तीन ते पाच तासांची असेल, किंवा कितीही छोटं विमान असेल, तर पाऊण दिवस. त्याहून लांब असेल तर पूर्ण दिवस. पॅरिस ते ॲमस्टरडॅम गाडीनं साधारण सव्वातीन-साडेतीन तास, प्राग ते व्हिएन्ना चारेक तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीनच्या आत, टोकियो ते क्योतो वेगवान शिंकान्सेननं सव्वादोनच्या जवळपास. नकाशावर बोटांनी अंतर मोजू नका, हे तास मोजा. व्हिएतनाममध्ये हनोई ते हो ची मिन्ह सिटी हे अंतर रेल्वेनं 1,700 किलोमीटरहून जास्त आहे आणि गाडीला तीस तासांपेक्षा अधिक लागतात. एकाच देशात आहेत म्हणून ही दोन शहरं एका आठवड्यात जोडायला जाऊ नका.

रात्रीच्या गाडीनं वेळ वाचतो, असं पुष्कळजण सांगतात. तरुण असाल आणि हलत्या गाडीत गाढ झोप लागत असेल, तर वाचतोही. व्हिएन्ना-व्हेनिससारख्या झोपायच्या गाड्या आहेत आणि त्यांची मजा वेगळी. पण सकाळी लवकर उतरल्यावर अंघोळीला जागा नाही, खोली दुपारी, डोळे चुरचुरतायत. ही सकाळ मी मोकळी सकाळ म्हणून मोजत नाही.

पायरी 3: शहरात काय बघायचंय ते नावानिशी लिहा

"पॅरिस बघायचं" एवढ्यावरून दिवस ठरत नाहीत. प्रत्येक शहराखाली ज्याच्यासाठी तिथं जाताय अशा तीनच गोष्टी लिहा. तिसरी आठवायला वेळ लागत असेल तर ते शहर यादीत दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून आलंय. त्यावर खूण करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मग या गोष्टींचे वार बघा. पॅरिसचं लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं. ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा सोमवारी. फ्लॉरेन्सची उफीझी ही चित्रांची गॅलरी सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा सोडून. सोमवार-मंगळवार असे दोनच दिवस पॅरिसला दिले तर या सगळ्यांची एकमेकांत गाठ पडते: सोमवारी फक्त लुव्र, मंगळवारी ओर्से किंवा व्हर्साय यांतलं एकच. दोन रात्री आणि तीन रात्री यांत फरक पडतो तो असा.

काही ठिकाणी आगाऊ वेळ घ्यावीच लागते. मिलानमधलं लिओनार्दोचं 'अंतिम भोजन' हे भित्तिचित्र बघायला एका गटाला पंधरा मिनिटं मिळतात आणि तिकिटं फार आधी संपतात. ॲमस्टरडॅमचं ॲन फ्रँकचं घर दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची तिकिटं खुली करतं. अशी एखादी गोष्ट तुमच्यासाठी जीव की प्राण असेल तर तिची तारीख आधी मिळवा आणि शहरांचा क्रम तिच्याभोवती लावा.

आणि जे आभाळावर अवलंबून आहे त्याला दोन सकाळी द्या. कॅपाडोकियाचे माणसं नेणारे गरम हवेचे फुगे पहाटे उडतात आणि वारा वाढला की उड्डाण रद्द होतं. एकच रात्र ठेवली आणि त्याच पहाटे वारा सुटला, तर संपलं. फुजी पर्वताचं दर्शन, आल्प्सच्या शिखरावर जाणारी गाडी, समुद्रातली बेटं, सगळ्यांना हाच नियम. एक सकाळ राखीव नसेल तर तिथं जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

पायरी 4: मुक्काम एक, फेऱ्या अनेक

जास्त गावं बघायची ओढ खरी असेल तर तिला दडपू नका. फक्त विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरू नका. बॅगा एका जागी ठेवून सकाळी जायचं, संध्याकाळी परत यायचं.

क्योतोला चार रात्री राहिलात तर नारा गाडीनं पाऊण तासावर, ओसाका अर्ध्या तासावर. टोकियोहून कामाकुरा तासाभरावर. माद्रिदहून तोलेदो वेगवान गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर, लिस्बनहून सिंत्रा चाळीसेक मिनिटांवर, ब्रसेल्सहून ब्रुज तासाभरावर. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तर साधारण तासाभरात येतं, म्हणजे सकाळी जाऊन दुसऱ्या देशाची राजधानी बघून रात्रीच्या जेवणाला आपल्या ओळखीच्या गल्लीत परत.

यातला मोठा फायदा हा की पाऊस आला, पाय दुखले, किंवा कालचंच संग्रहालय अर्धं राहिलं, तर फेरी रद्द करता येते. बहुतेक वेळा नुकसान होतं ते एका साध्या तिकिटाचं. मुक्काम हलवायचं ठरलेलं असेल तर ही सोय नसते, पुढची खोली वाट बघत असते.

मात्र फेरीची मर्यादा जाण्याला दीड तास. त्यापुढे दिवस गाडीतच जातो. आणि लागोपाठ दोन दिवस फेऱ्या ठेवू नका, नाहीतर ज्या शहरात राहताय तेच बघायचं राहून जातं.

पायरी 5: विमानाचं तिकीट घेण्याआधी थांबा

घाईघाईत एकाच शहराचं येण्या-जाण्याचं तिकीट काढलं जातं आणि मग सगळा प्रवास गोल फिरवावा लागतो. तिकिटाच्या संकेतस्थळावर 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो. एका शहरात उतरायचं आणि दुसऱ्यातून परतायचं. किंमत पुष्कळदा थोडीच जास्त असते, कधीकधी तेवढीच. जास्त वाटली तरी मागे फिरायचं रेल्वेचं भाडं आणि गेलेला अर्धा दिवस तिच्यासमोर ठेवून बघा.

इटलीचं उदाहरण घ्या, वरच्याच सात रात्री. शनिवारी दुपारी व्हेनिसला उतरा, दोन रात्री. सोमवारी सकाळी सव्वादोन तासांच्या गाडीनं फ्लॉरेन्स. उफीझी सोमवारी बंदच असते, त्यामुळे तो अर्धा दिवस हलण्यात गेला तरी फारसं बिघडत नाही. संध्याकाळी नदीपलीकडच्या टेकडीवरच्या मिकेलांजेलो चौकातून सूर्यास्त. मंगळवारी उफीझी. बुधवारी रोम, तीन रात्री. गुरुवारी व्हॅटिकन, शुक्रवारी कोलोसियम आणि फोरम. शनिवारी रोमहूनच परत. हाच प्रवास उलटा केला तर रोममधला पहिला पूर्ण दिवस रविवार येतो आणि व्हॅटिकनची संग्रहालयं बंद मिळण्याची शक्यता मोठी. शहरं तीच, रात्री त्याच, क्रमानं एवढा फरक पडतो.

या आखणीत मोकळ्या सकाळी चार आहेत: रविवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार. सात रात्रींना चार म्हणजे माझ्या मते खालची मर्यादा. फ्लॉरेन्स आणि रोम एवढंच घेतलं तर पाच होतात. मी पुन्हा गेले तर तेच करेन.

व्हिसाचा मुद्दा शहरांच्या संख्येशी जोडलेला आहे

शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, फिरणार असाल आणि व्हिसा लागत असेल, तर अर्ज करायचा तो ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथं आधी पाऊल ठेवणार त्या देशाकडे. म्हणजे रात्रींची वाटणी अर्जाआधीच पक्की हवी. पॅरिसच्या तीन रात्री आणि ॲमस्टरडॅमच्या तीन, मग ऐनवेळी एक इकडची तिकडे, असं केलं तर कागद जुळत नाहीत.

दुसरं, लंडन. पॅरिसहून गाडीनं सव्वादोन-अडीच तासच लागतात म्हणून ते सहज जोडलं जातं. पण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा, आणि मध्येच लंडनला जाऊन पुन्हा युरोपच्या भूमीवर यायचं असेल तर शेंगेनचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो. शिवाय गाडीत बसण्याआधी पारपत्राची तपासणी असते, त्यामुळे विमानासारखं आधी पोहोचावं लागतं. आठवड्याच्या सुट्टीत लंडन एकटंच घ्या, त्याच्यात भरपूर आहे.

सोबत कोण आणि ऋतू कोणता

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर वरच्या गणितातून सरळ एक शहर कमी करा. यात घासाघीस नको. मुलांना नवी खोली आपली वाटायला एक रात्र लागते, वडीलधाऱ्यांना नवं न्हाणीघर आणि नवे जिने सवयीचे व्हायला दोन.

ऋतूचा विचार फार थोडे लोक करतात. लंडनला जूनमध्ये सोळा तासांहून जास्त उजेड असतो, डिसेंबरात जेमतेम आठ. हिवाळ्यात दुपारी चारच्या सुमाराला अंधारतं. उन्हाळ्यात मुक्काम हलवल्याच्या दिवशीही संध्याकाळी पाच-सहा तास फिरता येतं. हिवाळ्यात तो दिवस संपलाच. थंडीत उत्तरेकडे जाणार असाल तर दोन शहरांच्या वर जाऊ नका.

आता आकडा

माझी ढोबळ रीत: तिथल्या रात्रींना तीननं भागा. पाच रात्रींना एक शहर आणि एखादी फेरी. सातला दोन, शहरं तीन तासांच्या आत, एका रेषेत आणि तिकीट मल्टी-सिटी असेल तरच तीन. दहाला तीन. चौदाला चार. पाचवं चौदातही बसतं, पण एखाद्या छोट्या गावाच्या रूपात, जिथं काहीही बघायचं ठरवलेलं नाही.

आकडा काढल्यावर एक उलटतपासणी करा. प्रत्येक रात्रीसमोर दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहा, 'मोकळी' किंवा 'बॅग'. बॅगेच्या सकाळी, परतीची धरून, निम्म्याहून जास्त झाल्या तर एक शहर जायला हवं. लागोपाठ दोन 'बॅग' आल्या, म्हणजे कुठंतरी एकच रात्र ठेवली आहे. ती आधी काढा. एका रात्रीचा मुक्काम फक्त तेव्हाच ठेवावा जेव्हा परतीचं विमान पहाटेचं आहे आणि विमानतळाजवळ झोपणं भाग आहे.

पासच्या मोहातही पडू नका. जपानचा सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून 50,000 येनवर गेला. टोकियो ते क्योतो एका वेळचं भाडं साधारण 14,000 येन, म्हणजे जाऊन-येऊनसुद्धा पास वसूल होत नाही. तो वसूल करायला हिरोशिमासारखं शहर उगाच जोडण्यापेक्षा सुटी तिकिटं घ्या. आणि तिथं दोन शहरं करणार असाल तर मोठी बॅग हॉटेलमधूनच पुढच्या हॉटेलला पाठवता येते, बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते. एका रात्रीचे कपडे पाठीवर घ्यायचे आणि हलक्या अंगानं गाडीत बसायचं.

कोणतं शहर काढायचं

काढायची वेळ आली की सगळ्यांचा जीव अडकतो, आणि घरातली वादावादी इथंच होते. आधी तिसऱ्या पायरीत खूण केलेलं शहर बघा. तसं काही नसेल तर वाटेवरून सगळ्यात लांब पडणारं काढा, कारण ते दोन्ही बाजूंनी वेळ खातं. दोन शहरं एकमेकांसारखी असतील, जसं कालव्यांचं ब्रुज आणि कालव्यांचं ॲमस्टरडॅम, तर त्यातलं एक फेरीपुरतं ठेवा.

त्याआधी बरोबरच्या प्रत्येकाला एक शहर असं निवडायला सांगा की जे कुणीही काढायचं नाही. हे बोलून नको, चिठ्ठीवर लिहून घ्या. समोरासमोर विचारलं की घरातली मोठी माणसं "तुम्ही म्हणाल ते" म्हणतात आणि त्यांचं शहर पहिल्यांदा उडतं. पुढच्या वेळी मी आईला चिठ्ठी दिली. तिनं शहराचं नाव लिहिलंच नाही. "जिथं चौकात बसता येईल ते," एवढंच होतं. आम्ही सात रात्रींत दोनच शहरं घेतली आणि दुसऱ्या शहरात चौकाला लागून खोली घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ती खाली जाऊन बसलेली होती, आणि कॉफी आणणाऱ्या मुलाला तिची नेहमीची खुर्ची माहीत झाली होती.